ओहोटीला भाट्याची खाडी

रविवारी फज्रनंतर आम्ही मुलांना घेऊन भाट्याच्या पुलाकडे निघालो. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. ओहोटी लागली की चिखलवाळूचे पट्टे उघडे पडतात आणि बायका टोपल्या घेऊन मुळे काढायला उतरतात. ओळखीच्या एक खाला भेटल्या. टोपली अर्धीही भरली नव्हती. "तुझ्या सासूला विचार, आम्ही भरतीच्या आत दोन टोपल्या करायचो. आता हाताला पिशव्याच जास्त लागतात," त्या म्हणाल्या.

चिखलातून वर आलेल्या काड्या कुणी रोवल्या, असे धाकटीने विचारले. ती तिवराची मुळे! चिखलात हवा नसते, म्हणून मुळेच श्वास घ्यायला वर येतात. कांदळाची तर आणखी गंमत. त्याचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन खाली पडते. गळलेली पाने कुजतात, त्यावर कोलंबीची, खेकड्यांची, माशांची पिल्ले पोसतात. बाजारात आपण जी कोलंबी घासाघीस करून घेतो, तिचे बालपण अशाच झाडांच्या मुळांत जाते.

ठाणे खाडीला आणि लोणार सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा आहे. रामसर हे इराणमधले गाव. 1971 साली तिथे पाणथळींचा करार झाला. भाट्याला तसा मान नाही, पण कांदळवन इथेही कायद्याने राखलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभर त्याच्या तोडीवर बंदी घातली, भोवतीची 50 मीटर जागाही राखायला सांगितली. 2020 मध्ये पांढरी चिपी राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली.

हे सारे आम्हाला एवढे पाठ का? खाडीकाठी आमचा वडिलोपार्जित तुकडा आहे. गेल्या वर्षी एकाने सुचवले, भराव टाका, प्लॉट पाडू. घरात दोघेजण राजीही झाले होते, मुलींची लग्ने समोर होती. कागद मांडून बसलो तेव्हा कळले, अर्धा तुकडा त्या 50 मीटरच्या आतच येतो. भराव राहिला. त्यावरून धाकटे दीर अजून नीट बोलत नाहीत.

खालांकडून मुळे घेतले, भाव केला नाही. दुपारी नारळाच्या वाटणात शिजले. जाऊबाई घाटावरच्या, हनफी. त्यांनी शिंपल्यांना हात लावला नाही. त्यांच्यासाठी बोय तळले, तीही त्याच खाडीतली.