‘साधं तर टूल आहे, मॅन्युअल कशाला?’

गैरसमज : शेअर्सच्या व्यवहारांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सोपं असेल, तर त्याला मॅन्युअल लागत नाही.

अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. पुढचं वाक्यही ठरलेलं : ‘विक्री वजा खरेदी, झाला नफा. त्यात लिहायचं काय?’

वस्तुस्थिती : कुठली खरेदी, हे लिहायचं!

समजा, जानेवारी २०२४ मध्ये तुम्ही एका कंपनीचे १० शेअर्स १०० रुपयांनी घेतले, डिसेंबरमध्ये आणखी १० शेअर्स १५० नं घेतले आणि मार्च २०२५ मध्ये त्यातले १० शेअर्स १६० नं विकले. खरेदीची सरासरी १२५ धरली, तर नफा ३५० रुपये. आधी घेतलेले आधी विकले असं धरलं, तर ६००. शेवटी घेतलेले विकले असं धरलं, तर १००. व्यवहार एक, नफे तीन आणि बेरीज-वजाबाकी तिन्हींची बरोबर. आयकरासाठी मात्र डिमॅटमधल्या शेअर्सना एकच पद्धत चालते : आधी आलेले आधी गेले, म्हणजेच ‘फिफो’. शंका असेल त्यांनी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २४ जून १९९८ चं परिपत्रक क्रमांक ७६८ काढून पाहावं. हा नियम प्रत्येक डिमॅट खात्याला स्वतंत्र लागतो, हेही त्यात आहे. म्हणजे दोन खात्यांतले शेअर्स एकाच रांगेत लावणाऱ्या टूलचा आकडा विवरणपत्रात भरला, की गोंधळ झालाच.

करही यावरच ठरतो. वरच्या उदाहरणात फिफोनं विकले गेलेले शेअर्स वर्षाहून जुने आहेत, म्हणून तो दीर्घकालीन नफा. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून असा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावरच्या रकमेला साडेबारा टक्के कर लागतो. डिसेंबरचे शेअर्स विकले असं धरलं, तर तो अल्पकालीन नफा, कर वीस टक्के. टूल यातलं काय धरतं, हे बटणं दाबून कसं कळणार?

आता बोनसचं पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सनं एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर मोफत. शुक्रवारी २,६५० च्या आसपास बंद झालेला शेअर सोमवारी, २८ तारखेला, १,३४० च्या आसपास उघडला. बोनसची नोंद हातानं करावी लागणाऱ्या टूलमध्ये ती राहून गेली, की स्क्रीनवर निम्मं भांडवल गायब! माणूस घाबरून विकायला निघतो. ‘बोनसची नोंद तुम्हालाच करायची आहे, त्या शेअर्सची खरेदी किंमत शून्य टाका आणि तारीख वाटपाची द्या,’ एवढं एक वाक्य मॅन्युअलमध्ये असतं तर? पण ‘साधं तर टूल आहे!’

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘ब्रोकरकडे सगळी नोंद असतेच.’ कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये भाव, वेळ आणि खर्च असतात. शेअर का घेतला आणि स्टॉप लॉस कुठे ठरवला होता, हे तुम्हीच लिहायचं असतं. त्यासाठी कुठला रकाना आहे, हे मॅन्युअलनं सांगायचं.

‘स्क्रीनशॉट चिकटवले, झालं मॅन्युअल.’ पुढच्या आवृत्तीत बटण हलतं आणि चित्र खोटं ठरतं. हिशेबाचा नियम शब्दांत लिहिलेलाच बरा.

‘तारीख कशीही टाका, टूल ओळखतं.’ ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? या दोन तारखांत आर्थिक वर्षच बदलतं. फाइल आयात करताना कुठला क्रम चालतो, हे पहिल्या पानावर हवं.

‘सगळे खर्च नफ्यातून वजा होतात.’ भांडवली नफा काढताना ब्रोकरेज वजा होतं, एसटीटी (रोखे व्यवहार कर) होत नाही. ‘निव्वळ नफा’ असं नुसतं लेबल लावणाऱ्यानं त्यात काय वजा केलंय ते सांगावं.

‘कोड खुला आहे, वाचा की!’ कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतं. त्यानं काय करायला हवं होतं, ते दिसत नाही. आणि गुंतवणूकदारानं आपला नफा समजून घेण्यासाठी आधी प्रोग्रॅमिंग शिकायचं का?

‘नोंदी ठेवल्या की नफा होतो.’ सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. नोंदवहीनं तोटा टळत नाही. तो कशामुळे झाला, हे शोधायला फार तर मदत होते.

तेव्हा नवं टूल घेताना रंगीत आलेख नंतर पाहा. आधी त्याच्या मॅन्युअलमध्ये तीन उत्तरं शोधा : नफा कुठल्या पद्धतीनं काढता, बोनस आणि स्प्लिटचं काय करता, खर्चात काय धरता? ती सापडली नाहीत, तर त्या टूलचा आकडा विवरणपत्रात भरू नका. खाली सही तुमची असते, टूल बनवणाऱ्याची नाही.