नरक्या : सह्याद्रीतले औषध, सह्याद्रीतलेच संकट

ओळख : पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलात वाढणारे छोटे झाड. फुलांना दुर्गंधी, म्हणून नाव नरक्या. औषधी गुणांमुळे दुसरे नाव ‘अमृता’.

रसायन : कॅम्प्टोथेसिन. 1966 मध्ये मन्रो वॉल आणि नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी ते अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे केले. 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तेच नरक्यात सापडले.

काम कसे चालते? पेशी विभागताना डीएनएचा पीळ एक विकर सैल करते. कॅम्प्टोथेसिन या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवते. डीएनए तुटतो आणि झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मरतात.

औषधे : मूळ रसायन पाण्यात नीट विरघळत नाही, दुष्परिणामही तीव्र. त्यात बदल करून टोपोटेकॅन (बीजाशयाचा व फुफ्फुसाचा कर्करोग) आणि इरिनोटेकॅन (मोठ्या आतड्याचा कर्करोग) तयार झाली. दोन्हींना 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

धोका : रसायनासाठी झाडे बुंध्यापासून तोडली जातात, मुळेही उपटली जातात. बेसुमार तोडीमुळे भारतात ही प्रजाती संकटग्रस्त मानली जाते.

पर्याय : ऊतिसंवर्धन, लागवड आणि झाडाच्या आत राहून हेच रसायन बनवणाऱ्या बुरशींचा अभ्यास.

लक्षात ठेवा : नरक्याची साल वा काढा हा कर्करोगावरचा घरगुती उपाय नव्हे, मूळ रसायन विषारी आहे. जंगलात नरक्याची तोड दिसली, तर वनविभागाला ताबडतोब कळवा.