हेडफोन तुमच्या कानाला, दणका खालच्या काकूंना

"अगं पोरी, वर काय कांडायलीस का?"

खालच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. हातात ताट, ताटात वरण-भात आणि भातावर चिमूटभर माती. मी हेडफोन काढला आणि बघतच राहिले. इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेऊन चौथाच दिवस होता. 'हेडफोन लावला की शेजाऱ्यांना काही कळत नाही' असं ऐकूनच तर मी हे सेकंड हँड किट घेतलं होतं.

आमचं घर जुन्या जालन्यातलं. कुंडलिकेच्या अलीकडचा हा भाग, अरुंद गल्ल्या आणि भिंतीला भिंत लागून घरं. आमचा वाडाही जुना. माडीवर आम्ही, खाली काकू. मध्ये लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. मी वर किक पेडल दाबलं की खाली फटीतून माती गळायची. ड्रमचा सूर काकूंपर्यंत पोचत नव्हता हे खरं, पण दणका थेट ताटात पोचत होता.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. इलेक्ट्रॉनिक किटमुळे आवाज नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. थोडा जमिनीत जातो, थोडा वायरींमध्ये आणि बराचसा तुमच्या कानात. किट लावायचं म्हणजे या तिन्ही वाटांवर नीट पहारा ठेवायचा. तुम्ही घ्यायच्या विचारात असाल, किंवा कॉलेजच्या बँडचं किट तुमच्या खोलीत येऊन पडलं असेल, तर पुढचं वाचाच.

ऑक्टापॅड तर आपल्या ओळखीचा

हे वाद्य आपल्याला तसं नवीन नाही. भीमगीतांचा कार्यक्रम असो, लग्नातला ऑर्केस्ट्रा असो की बँजो पार्टी, ढोलकीच्या शेजारी स्टँडवर एक काळी चौकट असते आणि एक जण उभ्याने त्यावर स्टिक चालवत असतो. तो ऑक्टापॅड. हे मूळचं जपानच्या रोलंड कंपनीच्या यंत्राचं नाव. १९८५ साली आलेल्या त्या यंत्राला आठ पॅड होते, म्हणून ऑक्टापॅड. आज कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपण त्याला ऑक्टापॅडच म्हणतो.

पूर्ण किट त्याआधीच आलं होतं. इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचं षटकोनी पॅडचं किट १९८१ चं. पण त्याचे पॅड इतके कडक होते की वादकांची मनगटं दुखायची. १९९७ मध्ये रोलंडने जाळीचे पॅड आणले. जाळीवर स्टिक मारली की ती खऱ्या ड्रमसारखी उसळते आणि टकटकही कमी होते. घरात सराव करणाऱ्यांसाठी हा मोठा बदल होता. म्हणून किट घेताना परवडत असेल तर निदान स्नेअरचा पॅड जाळीचा बघा. सगळ्यात जास्त मार तोच खातो.

आधी बसा, मग बांधा

खोकं उघडलं की आपण आधी रॅक उभा करतो, त्यावर पॅड लावतो आणि शेवटी कुठेतरी स्टूल ढकलून बसतो. हे उलटं आहे. आधी सतरंजी किंवा जाड कार्पेट अंथरा, त्यावर स्टूल ठेवा आणि उंची ठरवा. मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या हव्यात. पाय पेडलवर ठेवा, तो जिथे सहज पडेल तिथे किक पॅड आणा. मग दोन्ही मांड्यांच्या मध्ये स्नेअर, साधारण बेल्टच्या उंचीवर. त्यानंतर हाय-हॅट, टॉम आणि शेवटी सिंबल. वाद्य तुमच्याकडे आलं पाहिजे, तुम्ही वाद्याकडे वाकायचं नाही. खांदे वर उचलून किंवा कोपर ताणून मारावं लागत असेल, तर पॅड चुकीच्या जागी आहे.

रॅकचे नट हातानेच आवळा. पक्कड लावाल तर प्लास्टिकच्या पकडी तडकतात. केबल सगळ्यात शेवटी. प्रत्येक केबलवर कोणत्या पॅडची ते लिहिलेलं असतं, तसंच जोडा. पॅडपाशी केबलला थोडी ढील ठेवा, कारण पॅड हलतो आणि ताणलेली केबल आधी सॉकेटमध्ये सैल होते, मग तुटते. जमिनीवरच्या वायरी पायाखाली येणार नाहीत अशा बांधून घ्या.

सगळं जोडल्यावर टॉमवर मारलं की सिंबलही वाजतं, किंवा एका ठोक्याला दोन आवाज येतात, तर घाबरू नका. किट बिघडलेलं नाही. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये क्रॉसटॉक, थ्रेशोल्ड आणि सेन्सिटिव्हिटी असे तीन शब्द शोधा. एका पॅडचा हादरा दुसऱ्याला किती लागू द्यायचा, किती हलका ठोका धरायचा आणि हात किती जड मानायचा, हे तिथे ठरतं. सेन्सिटिव्हिटी कमी असेल तर आवाज यावा म्हणून तुम्ही उगाच जोरात मारत राहाल. त्याचा हिशोब मनगटाला द्यावा लागतो.

जमिनीची वाट

आता काकूंच्या ताटाकडे येऊ. पॅडवरची टकटक हवेतून येते, ती दार बंद केलं तरी बरीच अडते. किकचं तसं नाही. पेडलचा हातोडा पॅडवर आपटतो, पॅड स्टँडला हलवतो, स्टँड फरशीला आणि फरशी खालच्या छताला. मिनिटाला १०० च्या लयीत दर मात्रेला किक मारली, तर तासाभरात ६,००० दणके होतात. खालच्याने किती सहन करावं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे किट तळमजल्यावर न्या. ते जमत नसेल तर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगतच्या कोपऱ्यात ठेवा. मध्यभागी जमीन जास्त हलते. तिसरा उपाय जगभरचे ड्रमर करतात आणि त्याचं साहित्य आपल्या गल्लीतच मिळतं: टेनिसचे चेंडू. प्लायवूडचे दोन सारखे तुकडे घ्यायचे, खालच्या तुकड्यात चेंडूपेक्षा लहान गोल भोकं पाडायची, त्यात चेंडू बसवायचे आणि वर दुसरा तुकडा ठेवायचा. त्यावर कार्पेट, कार्पेटवर किट. चेंडू हादरा पितात. किट आणि तुम्ही, दोघांचं वजन पेलायला चेंडू भरपूर आणि सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर फळी डुगडुगते.

आमच्यासारखं लाकडी-मातीचं छत असेल तर मात्र चेंडूंच्या भरवशावर राहू नका. मी किट खाली ओसरीलगतच्या खोलीत आणलं. काकूंशी वेळ ठरवली, संध्याकाळी साडेपाच ते सात. रात्री वाजवत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण खरं सांगू का, शेजारधर्माला डेसिबलचं मीटर लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत शेजारचं पोरगं अभ्यासाला बसलंय का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

वायरीची वाट

आपल्याकडे लाईट जाते आणि येते तेव्हा झटका देत येते. म्हणून लाईट गेली की किटचं बटण बंद करा आणि बोर्डातून पिन काढा. एरवीही स्पाइक गार्ड वापरा.

अॅडॅप्टर हरवला तर हाताला येईल तो लावू नका. व्होल्ट तेवढेच हवेत, अॅम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि मधलं टोक धन की ऋण याचं छोटं चित्र अॅडॅप्टरवर आणि मॉड्यूलवर असतं, ते जुळलं पाहिजे. उलटं लावलं तर मॉड्यूल जळू शकतं.

स्पीकर किंवा अॅम्प्लिफायर जोडताना क्रम पाळा. आधी सगळे आवाज शून्यावर, मग केबल, मग मॉड्यूल चालू, शेवटी अॅम्प. बंद करताना उलटं, अॅम्प आधी. नाहीतर 'ठप्प' असा जो आवाज येतो, तो स्पीकरच्या पडद्यावर बसतो. घरातल्या छोट्या होम थिएटरवर पूर्ण आवाजात किक वाजवू नका, ते गाण्यांसाठी केलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अॅम्पमधून 'घूं' आवाज येतो म्हणून तीन पिनांपैकी अर्थिंगची मोठी पिन काढून टाकायचा उद्योग अनेक जण करतात. कृपा करून करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असली तरी आत अर्थिंगची वायर असेलच असं नाही. अॅम्पच्या किंवा रॅकच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा, वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. मांडवात जनरेटरवर वाजवतानाही हेच. ओली जमीन, उघडे जोड आणि अनवाणी पाय एकत्र येऊ देऊ नका.

कानाची वाट

ही शेवटची वाट मी सगळ्यात उशिरा शिकले. गॅदरिंगच्या तालमीत मी भल्यामोठ्या स्पीकरच्या शेजारी बसले होते. मेट्रोनोमची टिकटिक ऐकू येईना, म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत गेले. दोन तास. रात्री घरी आले, पंखा बंद केला, तरी कानात शिट्टी चालूच. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी घाबरले आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. ऐकण्याची चाचणी झाली, ती ठीक निघाली. दोन दिवसांनी शिट्टी थांबली. मी सुटले, पण दर वेळी सुटता येईलच असं नाही.

कानाच्या आत, शंखासारख्या भागात, सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाचा हादरा त्या मेंदूला कळेल अशा संदेशात बदलतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी दिलेलं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८९ ला ५ तास आणि ९५ डेसिबलला आठवड्याला जेमतेम सव्वा तास. यात तुमची गाणी, रील आणि गणपतीतला डीजे, सगळंच धरायचं.

मग करायचं काय? कान पूर्ण झाकणारे, वायरवाले हेडफोन घ्या. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. ब्लूटूथ नको, कारण ठोका आधी पडतो आणि आवाज मागून येतो, लय बिघडते. दर वेळी आवाज शून्यापासून वाढवा, कालच्या जागेवरून सुरू करू नका. गाण्यासोबत वाजवताना ड्रम ऐकू येत नसतील तर ड्रम वाढवण्याऐवजी गाणं कमी करा. ४५ मिनिटांनी हेडफोन काढून दहा मिनिटं शांत बसा, मनगटंही मोकळी करा. बोटांना मुंग्या येत असतील तर त्या दिवसापुरतं थांबा. कानात शिट्टी वाजली किंवा कान दडे बसल्यासारखा वाटला, तर तो इशारा समजा. अचानक ऐकू येणं कमी झालं, तर मात्र 'जाईल आपोआप' म्हणत वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उशीर महागात पडतो.

पहिला ठोका दुसऱ्याचा

किट लावून झालं की आपल्याला कधी एकदा वाजवतो असं होतं. थोडं थांबा. पहिला ठोका मित्राला किंवा भावाला मारायला सांगा, चांगली पाच मिनिटं. तुम्ही खाली जा, खालच्या घरात उभे राहा. मग शेजारच्या भिंतीला कान लावा. नंतर वर येऊन, त्याने ठेवलेल्या आवाजावर हेडफोन स्वतःच्या कानाला लावा.

मी ओसरीत किट लावल्यावर हेच केलं. या वेळी काकूंच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. काकू पोळ्या लाटत होत्या. भिंतीपलीकडून बारीक टकटक येत होती, मांडणीतली भांडी वाजत नव्हती.

"इतकं चालतंय," काकू म्हणाल्या. "पण साडेपाच म्हणजे साडेपाचच हं. सातनंतर माझी मालिका असते."