‘बार्शी लाईट’ टेबलावर आणायचीय?

घरात कुणी आवरायला उशीर लावला, की ‘काय बार्शी लाईट लावलीय!’ असं म्हणणारे एखादे आजोबा किंवा आत्या तुमच्याकडे असतीलच. सोलापूर, धाराशिव, लातूर, पंढरपूर, मिरज या पट्ट्यातले असाल तर नक्कीच. संथपणाला दिलेलं हे नाव एका खऱ्याखुऱ्या गाडीचं आहे आणि ती गाडी आता कुठेच धावत नाही. नॅरोगेजचे रूळ उखडले गेले, ब्रॉडगेज आलं. आता ती परत आणायची तर एकच जागा उरलीय : तुमच्या खोलीतलं टेबल.

मॉडेल रेल्वे म्हटलं की गोल फिरणारी चावीची गाडी डोळ्यांसमोर येते. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिलं असेल, तर हा छंद किती लांब जाऊ शकतो हे तुम्हाला ठाऊक असेल. पण बंद पडलेली एखादी खरी शाखा, एका ठरावीक वर्षात जशी होती तशी उभी करणं हा आणखी वेगळा खेळ आहे. त्यात पैसे लागतात, पण त्याहून जास्त लागतं डोकं आणि पायपीट. इतिहासाच्या पुस्तकाला ‘१८९७ मध्ये रेल्वे सुरू झाली’ एवढं वाक्य पुरतं. मॉडेलला ते अजिबात पुरत नाही. ते विचारतं, पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या टोकाला होती? मालधक्का किती उंच? वाघिणींचा रंग कुठला? उत्तर सापडेपर्यंत फेव्हिकॉलचं झाकण उघडता येत नाही.

आधी जरा गाडीची ओळख. जीआयपी रेल्वेची मुंबई-सोलापूर मेन लाइन बार्शीला बाजूला ठेवून गेली. कापसाचा एवढा मोठा बाजार, पण माल बैलगाडीतून कुर्डुवाडीपर्यंत न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीसाठी भारतात आला होता. त्याने १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही २१ मैलांची लाइन सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून २०२ मैल.

कॅलथ्रॉपचं डोकं भारी होतं. कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, इंजिन असो की वाघीण, हा त्याचा नियम. त्यामुळे गजाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ चालला. मीटरच्या हिशेबात सांगायचं तर साधारण १५ किलो. आज मेन लाइनवर ६० किलोचा रूळ असतो. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेली पहिली पाच इंजिनं ०-८-४ रचनेची होती : पुढे छोटी चाकं नाहीत, मग एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे चार. मोजा, सहा आस झाले. म्हणजे अख्खं इंजिन ३० टनांच्या आत बसवायचं होतं. (याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायचं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट बनवलं. रेल्वेवाला आणि पॅराशूट! पण दोन्हीकडे प्रश्न वजनाचाच.)

वाघिणींचे सांगाडे त्याने एकाच मापाचे ठेवले, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. तुमच्यासाठी ही लॉटरी आहे. एक सांगाडा नीट जमला की बाकीचे त्याच मापावर काढता येतात.

आता गणित करू

भारतात सर्वात सहज मिळणारं मॉडेलचं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. ७६२ भागिले ८७ केलं की ८.७६ मिलिमीटर येतात. आणि बाजारात एन गेजचा तयार ट्रॅक मिळतो ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा! गंमत म्हणजे आपल्या ब्रॉडगेजला ही चैन नाही. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं तर १९.३ येतात आणि एचओचा तयार ट्रॅक असतो १६.५ चा. म्हणजे राजधानी एक्सप्रेस टेबलावर आणणाऱ्याला मापात तडजोड करावी लागते, बार्शी लाईटवाल्याला जवळजवळ नाही. फक्त एन गेजच्या ट्रॅकचे स्लीपर बारीक आणि फार जवळजवळ असतात, ते मात्र डोळ्याला खुपतात. मातीत आणि खडीत अर्धे बुजवा, किंवा खास नॅरोगेज मॉडेलसाठी बनवलेला ९ मिलिमीटरचा ट्रॅक मागवा.

वाघीण ८८ मिलिमीटर लांब होईल, २४.५ रुंद. खालचा ट्रॅक ९ चा. म्हणजे रुळांच्या जवळजवळ पावणेतीनपट रुंद वाघीण दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. तुमच्या मॉडेलमध्ये ती अशी ‘आता पडेल की काय’ वाटली, तर समजा बरोबर चाललंय.

आणि अख्खी लाइन करायचा मोह आवरा. नुसती कुर्डुवाडी-बार्शी या मापात ३९० मीटर होते, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्येही मावणार नाही. एक स्टेशन घ्या. मिरज घेऊ नका, निदान पहिल्या फटक्यात नको. १९७१ नंतर तिथे ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज शेजारी शेजारी नांदली, डोक्याला शॉट आहे. मधलं एखादं छोटं स्टेशन उत्तम.

नावं आणि नकाशे फसवतात

शोध सुरू केलात की पहिला धक्का बसेल. जुन्या कागदांत कुर्डुवाडी सापडतच नाही. तिथे नाव असतं ‘बार्शी रोड’, आणि खुद्द बार्शीच्या स्टेशनचं नाव ‘बार्शी टाऊन’. हे माहीत नसलं तर दिवस वाया जातो. दुसरं, सोलापूर जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर १८८४ चं आहे. त्यात ही रेल्वे नाही, कारण ती तेव्हा जन्मलीच नव्हती. तरी तो खंड उघडाच. रेल्वे का हवी होती ते त्यातल्या बाजारपेठांच्या वर्णनात कळतं, आणि मालधक्क्यावर काय रचायचं तेही.

तिसरी फसगत आजच्या नकाशाची. आत्ताची ब्रॉडगेज धाराशिव शहरातून जाते. नॅरोगेज जात नव्हती, धाराशिवला जायचं तर येडशीला उतरावं लागे. गेज बदलताना मार्गच वळवला गेला. त्यामुळे आजच्या रुळांवर बोट ठेवून ‘हीच ती लाइन’ म्हणालात तर मॉडेल गेलं बाराच्या भावात. त्याऐवजी अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेले भारताचे नकाशे बघा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते ऑनलाइन फुकट ठेवलेत. प्रमाण १:२,५०,००० आहे, म्हणजे एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर. यार्ड दिसणार नाही, पण मार्ग दिसतो. तो मनात ठेवून उपग्रहाच्या फोटोत शेतांच्या बांधांकडे पाहत राहा. सगळे बांध सरळ आणि मधूनच एक लांबलचक, सावकाश वळण? शेतकरी असा बांध घालत नाही. तिथून गाडी जायची का, ते आता जुन्या नकाशाशी ताडून बघा.

इंजिनांच्या याद्यांसाठी ह्यू ह्यूजेस यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्हज’चा नॅरोगेजवरचा तिसरा भाग शोधा. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे. जाताना कॉलेजचं पत्र सोबत न्या, आणि पहिल्या दिवशी काही हाती लागेल अशी आशा ठेवू नका.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खजिना म्हणजे जुनं वेळापत्रक. रद्दीवाल्याकडे सापडलं तर सोडू नका. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा एकीला स्टेशनात बाजूला उभं राहावं लागतं. वेळापत्रकात ज्या स्टेशनात दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच वेळी दिसतात, तिथे दुसरा रूळ असलाच पाहिजे. झालं, यार्डाचा अर्धा आराखडा तुम्ही घरबसल्या काढलात. कुठे गाडी दहा-पंधरा मिनिटं उगाच थांबते? इंजिनाला पाणी भरत असेल. तिथे टाकीची खूण शोधायची.

आजोबांना काय विचारायचं?

कागद टिकतात, निदान काही तरी. माणसांचं तसं नाही. वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढलेली माणसं आज वयाच्या कुठल्या टप्प्यावर आहेत याचा हिशेब करा आणि या यादीतलं हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. ट्रॅकची ऑर्डर पुढच्या सेमिस्टरलाही देता येईल.

विचारताना एक पथ्य पाळा. ‘बार्शी लाईटच्या आठवणी सांगा ना’ असं म्हणालात की ठरलेला किस्सा येतो : चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातली ज्वारी खुडायची, पळत येऊन पुन्हा चढायचं. हा किस्सा देशातल्या झाडून सगळ्या छोट्या गाड्यांबद्दल सांगतात. हसून सोडून देऊ नका, पुढचा प्रश्न विचारा : ‘नेमकं कुठे उतरायचात?’ बार्शीहून येडशीकडे बालाघाटाची चढण आहे. तिथली एखादी जागा दोघा-तिघांनी वेगवेगळी सांगितली, तर गाडी कुठे दमायची हे तुम्हाला कळलं.

बाक आडवे होते की उभे? दार आत उघडायचं की सरकायचं? रात्री डब्यात दिवा असायचा का, कशाचा? आषाढीला कोण कुठे बसायचं? आणि कुर्डुवाडीच्या कुणाला भेटलात, तर हमालांबद्दल नक्की विचारा. दोन्ही गेज वेगळी, त्यामुळे छोट्या वाघिणीतला माल मोठ्या वाघिणीत चढवायचा तो माणसांच्या पाठीवरूनच. किती जण असायचे, काय मजुरी मिळायची, डोक्याला काय गुंडाळायचे. सुबक मॉडेलांमध्ये ही माणसं बहुतेक वेळा नसतातच. इंजिन चकचकीत, फलाट रिकामा. मला ती मॉडेलं पटत नाहीत.

परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, तारीख लिहा, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासा. स्टेशनात फोटो काढायचे तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा. चालू रुळांवर मोजपट्टी घेऊन उतरू नका, तो गुन्हा आहे आणि जीवही जाऊ शकतो. आणखी एक, कुठल्याही स्टेशनबाहेर चौथऱ्यावर उभ्या केलेल्या इंजिनाचा रंग जसाच्या तसा उचलू नका. अशी इंजिनं कधी दुसऱ्याच लाइनवरून आणलेली असतात आणि रंग नंतर कुणाच्या तरी आवडीने दिलेला असतो.

हे सगळं गोळा झालं की एक वर्ष पक्कं करा, शक्य तर महिनाही. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ही लाइन ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. म्हणजे १९५३ ची वाघीण आणि १९५५ ची वाघीण यांच्यावरची अक्षरं वेगळी. महिना तर शेतासाठी लागतोच. आषाढीची गाडी आणि शेजारी भरल्या कणसांची पिवळी ज्वारी असं दाखवलंत, तर सोलापूरकडचा कुठलाही शेतकरी हसेल. तिथली शाळू थंडीत उभी असते. पंढरपूरच्या वाटेवर आज दिसणारा ऊसही जपून वापरा. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आताचा बराचसा ऊस त्या पाण्यावरचा. आणि रुळांकाठची वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली आहे. १९०६ च्या पंढरपुरात ती लावण्याआधी जुने फोटो बघा, नाही तर आपली साधी बाभूळ बरी.

सुरुवात पुठ्ठ्यावर करा. जुन्या खोक्याचा चार फुटी तुकडा घ्या, त्यावर पेन्सिलीने रूळ काढा, काड्यापेट्या ठेवून स्टेशन, गोदाम, टाकी यांच्या जागा ठरवा. ही टँक इंजिनं, म्हणजे पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारी. पुढे तशी मागे चालतात, त्यामुळे टर्नटेबलचा खर्च वाचला. पण शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायला बाजूचा रूळ आणि दोन सांधे मात्र लागतील. ते पुठ्ठ्यावर आत्ताच बसतात का बघा.

मग इंजिनाच्या केबिनमध्ये दोन माणसं ठेवायची आहेत, ड्रायव्हर आणि फायरमन. या मापात माणूस १९ मिलिमीटरचा. फायरमनच्या हातात फावडं द्याल, ते ठीक. पण तो उभा कुठल्या बाजूला राहायचा, डोक्याला काय बांधायचा आणि चढणीला लागण्याआधी किती वेळ आधीपासून कोळसा मारायला लागायचा, हे मात्र त्यालाच विचारून या.