लोकसंख्या फक्त सोळा

धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या सोळा. आठ तालुक्यांत वाटली तर तालुक्याला दोन माणसं.

२०११च्या जनगणनेत ती १६,५७,५७६ होती. एखाद्या तक्त्यातला हा आकडा इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामांसकट उचलून जावास्क्रिप्टच्या पार्सइंट या फंक्शनला द्या; उत्तर येतं सोळा. तांबडी अक्षरं उमटत नाहीत, कसली कुरकुर होत नाही. पार्सइंट डावीकडून एकेक अक्षर वाचत जातं, आणि अंक नसलेलं पहिलं अक्षर दिसलं की तोवर जमलेलं घेऊन परत येतं. सोळाच्या पुढे स्वल्पविराम लागला, तिथेच त्याचं वाचन आटोपलं. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तोही असाच दिला तर पार्सइंट चार रुपये सांगतं. भूम-परंड्याच्या शेतकऱ्याला हे दाखवायला जाऊ नये, तो आधीच वैतागलेला असतो.

गंमत म्हणजे पार्सइंटमध्ये काहीही बिघाड नाही. पानावरच्या मोजमापात 'सोळा पिक्सेल' हे आकड्याला चिकटून दोन अक्षरं जोडून लिहिलेलं असतं. त्यातले सोळा काढून घ्यायला हाच स्वभाव उपयोगी पडतो. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. हौशी मंडळींनी घाईत लिहिलेली पानंही चालावीत हा त्या काळच्या वेबचा बाणा. ब्राउझर आजही तसाच वागतो. पान लिहिताना एखादी खूण बंद करायची राहिली तर तो मनाने बंद करतो आणि पान दाखवतो. हा समजूतदारपणा नसता तर वेब इतकी फोफावली नसती, असं मला वाटतं. पण आकड्यांच्या बाबतीत असा समजूतदार नोकर फार महागात पडतो.

त्याच भाषेच्या पोटातून नेमकी उलट स्वभावाची एक चीज निघाली: जेसन. २००१च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड यांनी तिला रूप आणि नाव दिलं. एका यंत्राने दुसऱ्याला माहिती धाडायची तर ती कशी लिहायची, याचे हे नियम. सगळं व्याकरण व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर मावतं. तालुक्याचं नाव दुहेरी अवतरणात, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग किंमत, मध्ये स्वल्पविराम, बाहेर महिरपी कंस. बस्स. या व्याकरणात दयामाया नाही. शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला, तरी अख्खी माहिती नामंजूर. एकेरी अवतरण वापरलं, नामंजूर. वर्डमधून मजकूर चिकटवताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली, नामंजूर. ही माहिती वाचणारं जेसन.पार्स हे फंक्शन तिथल्या तिथे थांबतं आणि बहुतेक वेळा कितव्या अक्षरावर अडलं तेही सांगतं. मोजणी शून्यापासून, हे लक्षात ठेवायचं.

नवख्याला याचा राग येतो. मला मात्र हा खडूसपणा पार्सइंटच्या गोडव्यापेक्षा हजारपट बरा वाटतो. जो बोंब मारतो तो दोष तासाभरात सापडतो. गप्प राहिलेला दोष सोळा हा आकडा घेऊन आलेखात जातो, आलेखातून अहवालात जातो, आणि मग तिथून त्याला कोण हुडकणार?

सगळ्यांत जास्त भेटणारी बोंब शून्याव्या अक्षरावरची असते. यंत्र म्हणतं, इथे 'पेक्षा लहान'चं चिन्ह आहे, ते मला अपेक्षित नव्हतं. माहितीत असलं चिन्ह कुठून आलं म्हणून माणूस आपला कोड पुन्हा पुन्हा तपासत बसतो. खरी गोष्ट अशी की समोरून माहिती आलेलीच नसते. सर्व्हर बिघडलेला असतो, लॉगिनची मुदत संपलेली असते किंवा पत्ता चुकलेला असतो, आणि सर्व्हरने माहितीच्या जागी 'पान सापडले नाही' असं काहीतरी सांगणारं एक पूर्ण वेबपान धाडलेलं असतं. वेबपानाचं पहिलंच अक्षर तेच कोनदार चिन्ह. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम: कोडला हात लावण्याआधी, समोरून आलेला कच्चा मजकूर ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत उघडून आपल्या डोळ्यांनी वाचायचा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता एक पायरी खाली उतरू, कारण खरी नवलाई तिथे आहे.

तारेवरून अक्षरं येतच नाहीत. येतात ते ० ते २५५ मधले आकडे, म्हणजे बाइट. 'धाराशिव' हा शब्द ब्राउझरकडे येतो तो एकवीस बाइटांच्या रांगेतून. त्यातले पहिले तीन: २२४, १६४, १६७. हे तीन मिळून 'ध'. पहिला आकडा द्विमान पद्धतीत लिहिला तर १११००००० होतो. सुरुवातीचे तीन एक सांगतात की हे अक्षर तीन बाइटांचं आहे. १६४ म्हणजे १०१००१००, आणि १६७ म्हणजे १०१००१११. दोन्ही '१०'ने सुरू होतात, म्हणजे 'आम्ही मधले, आमच्यापासून वाचायला सुरुवात करू नका'. या खुणा बाजूला काढून उरलेले बिट एकापुढे एक ठेवले की २३४३ हा आकडा मिळतो, आणि युनिकोडच्या यादीत २३४३ क्रमांकावर 'ध' बसलेला आहे. रांगेच्या कुठल्याही बाइटावर बोट ठेवा, तो अक्षराची सुरुवात आहे की मधला तुकडा हे एकट्या त्याच्याकडे बघून कळतं. ही युटीएफ-८ नावाची युक्ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. तेरणा नदीकाठच्या माणसाचं नाव आज फोनवर नीट उमटतं त्यामागे तो कागद आहे.

पण समजा ब्राउझरला सांगितलं गेलं की हा मजकूर विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य पद्धतीचा आहे. त्या पद्धतीत प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर. मग २२४ होतो डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, १६४ होतो चलनाचं एक सामान्य चिन्ह, आणि १६७ होतो कलमाचं चिन्ह. जुन्या सरकारी पानांवर किंवा बिघडलेल्या एक्सेलमध्ये आपण जी गिचमिड पाहतो ती हीच. ती दिसते तितकी बेशिस्त नसते. युनिकोडमधल्या देवनागरीच्या यादीचा पहिला अर्धा भाग १६४ वर पडतो आणि दुसरा अर्धा १६५ वर. आणि विंडोज-१२५२ मध्ये १६५ म्हणजे जपानी येनचं चिन्ह! उकार, दीर्घ ईकार, एकार, ओकार हे सगळे दुसऱ्या अर्ध्यात. त्यामुळे बिघडलेल्या 'तुळजापूर'मध्ये दोन येन दिसतात, एक 'तु'चा आणि एक 'पू'चा. 'लोहारा', 'भूम' आणि 'वाशी'त एकेक. 'धाराशिव', 'उमरगा', 'कळंब' आणि 'परंडा' यांत एकही नाही. नुसते येन मोजून तालुक्यांची छाननी अर्ध्यावर येते.

ही गिचमिड बहुधा उलट फिरवता येते. प्रत्येक चिन्हाचा मूळ बाइट शोधायचा, बाइटांची रांग पुन्हा लावायची आणि यावेळी ती युटीएफ-८ म्हणून वाचायची. 'बहुधा' म्हटलं, कारण विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटांना चिन्हच दिलेलं नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट नेमका १२९ आहे. पाय मोडण्याच्या चिन्हाचा १४१. 'ए'चा १४३, 'झ'चा १५७. ब्राउझर हे बाइट सांभाळून ठेवतात, पण काही साधनं तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात, आणि मग मूळ अक्षर गेलं ते गेलं. जोडाक्षरांशिवाय आपलं पान हलत नाही, आणि सर्वांत आधी जखमी होतो तो पायमोडच.

अक्षरं शाबूत आली तरी आकडे अडतात. मराठी तक्त्यात '१२ क्विंटल' लिहिलेलं असतं. जेसनच्या व्याकरणाला अंक म्हणून फक्त इंग्रजी अंक चालतात. अवतरणाबाहेर देवनागरी अंक आला की तिथेच ठेच. अवतरणात घालून आणला आणि नंतर जावास्क्रिप्टला त्याची संख्या करायला सांगितली, तर उत्तर मिळतं 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. या नॅनचा एक विलक्षण गुण आहे: तो स्वतःशीही समान नसतो. नॅन बरोबर नॅन का, असं विचारलं तर जावास्क्रिप्ट नाही म्हणतं. बेरजेत एक नॅन शिरला की अख्खी बेरीज नॅन. तरी मी त्याला पार्सइंटच्या सोळापेक्षा प्रामाणिक मानतो.

उपाय दोन ओळींचा आहे, आणि देखणा. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, एकाचा २४०७, असे नवापर्यंत ओळीने. म्हणजे कुठल्याही देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत हातात. स्वल्पविराम आधीच काढून टाकायचे आणि शेवटी तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या आकड्याशी जुळते का ते पाहायचं. सोळाचा घोटाळा असल्या ताळ्याने लगेच उघडा पडतो.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. 'शेतकऱ्याचे नाव' हे स्तंभाचं शीर्षक घ्या. त्यातला 'ऱ' एका क्रमांकाचा असू शकतो, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता असा दोन क्रमांकांचा; काही जण 'र', पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं टंकतात. पडद्यावर तिन्ही सारखे, यंत्राला तिन्ही वेगळे. पहिल्या दोघांना नॉर्मलाइझ हे फंक्शन एकत्र आणतं. तिसऱ्यासाठी आपल्यालाच वेगळी ओळ लिहावी लागते.

आणि सातबाऱ्यावरचे गट नंबर! १२/१ हा गट एक्सेलमध्ये नुसता टंकला की १२ जानेवारी होतो, अमेरिकी मांडणीत १ डिसेंबर. क्रोमच्या जावास्क्रिप्टला तो तारीख म्हणून दिला तर १ डिसेंबर २००१ मिळते. साल कुठून आलं, तर त्याने गृहीत धरलं. या दुखण्याने जीवशास्त्रज्ञही टेकीला आले. सप्टेंबर आणि मार्चसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची लघुनावं एक्सेल तारखा करून टाकत असे. शेवटी २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. आपल्याला गट नंबर बदलता येणार नाहीत, तेव्हा तो स्तंभ आधीच 'मजकूर' म्हणून जाहीर करणं हाच इलाज. बँकेचे खाते क्रमांकही तसेच ठेवावेत, कारण जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढे अचूक राहत नाही, आणि सुरुवातीची शून्यं तर संख्या होताक्षणीच गळतात.

तारखेचं प्रकरण या जिल्ह्याला फार जवळचं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला; आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर त्यात उद्ध्वस्त झालं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत मात्र तोच भूकंप २९ सप्टेंबरला आहे. चूक कुणाचीच नाही. ती यादी जागतिक प्रमाणवेळेत आहे, आणि आपल्या पहाटेतून साडेपाच तास वजा केले की आदल्या रात्रीचे १० वाजून २६ मिनिटं होतात. गडबड पुढे आहे. ३०/०९/१९९३ असं आपल्या पद्धतीने लिहून दिलं तर ब्राउझर ३० हा महिना समजतो आणि 'अवैध तारीख' म्हणून थांबतो. पण ०५/०६/२०२३ दिली तर तो बिनबोभाट ५ जूनचा ६ मे करतो, कारण तसा महिना असतो. म्हणजे एकाच स्तंभातल्या बारा तारखेनंतरच्या नोंदी अडतात आणि आधीच्या चुपचाप बिघडतात. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आडव्या रेघा घालून लिहिलं तर हा घोळ मिटतो. फक्त वेळ नसलेली अशी तारीख जावास्क्रिप्ट प्रमाणवेळेतली मध्यरात्र धरतं, म्हणून न्यू जर्सीत बसलेल्या उमरग्याच्या माणसाला ३० तारखेच्या जागी २९ दिसते. तारखेपुढे वेळ आणि साडेपाच तासांचा फरक लिहिला तरच क्षण पक्का होतो.

राहिलं नाव. २०२३ च्या फेब्रुवारीत शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं, तालुक्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. आता जुन्या तक्त्यात एक नाव, नव्यात दुसरं, आणि प्रत्येकाची मराठी व रोमन अशी दोन रूपं. नावावरून तक्ते जोडायला गेलं की जिल्हा गायब होतो, किंवा एकाचे दोन होतात. (असं कोडं इथे जुनंच आहे. प्राचीन ग्रीक ग्रंथ 'पेरिप्लस'मधलं, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. तोवर विद्वान ते भलतीकडेच शोधत होते.) म्हणून जोडणी संकेतांकावर करावी. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२५, पाटीवर नाव काहीही असो. मात्र संकेतांकही कायमचा असतोच असं नाही: रेल्वेने २०२५ मध्ये स्थानकाचं नाव बदललं तेव्हा त्याचा कोडही यूएमडीचा डीआरएसव्ही केला. तेव्हा जुना कोड, नवा कोड आणि बदल कधीपासून लागू, असा तीन स्तंभांचा छोटा तक्ता शेजारी ठेवायचा, आणि तिकिटाच्या तारखेनुसार कोणता कोड घ्यायचा ते त्यावरून ठरवायचं. अर्थात ती तारीख आधी नीट वाचली गेली असेल तर.