पारद : रूप, मात्रा आणि प्रमाण

पारदावाचून रसशास्त्र नाही, हे वैद्यवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही. त्रिभुवनकीर्तीतील हिंगूळ, आरोग्यवर्धिनी व सूतशेखर यांतील कज्जली, कूपीपक्व कल्पांतील रससिंदूर ही औषधे महाराष्ट्रातील बहुतेक चिकित्सालयांत नित्य वापरली जातात. याच पारदाकडे आज जग मात्र संशयाने पाहत आहे. उष्णतामापक गेले, रक्तदाबमापकातील पारा जात आहे, दंतवैद्यांची ‘चांदी’ही जाण्याच्या मार्गावर आहे. अशा वेळी ‘आमचा पारद शोधित आहे, म्हणून निर्दोष आहे’ एवढे म्हणून आपली सुटका होईल काय, हा प्रश्न प्रत्येक वैद्याने आणि प्रत्येक औषधनिर्मात्याने स्वतःला विचारावा, या हेतूने हा लेखप्रपंच आहे.

गेल्या काही वर्षांत दंतशास्त्र, पर्यावरणशास्त्र, पदार्थविज्ञान आणि वैद्यक या चार शाखांत पाऱ्याविषयी जे संशोधन झाले ते स्वतंत्रपणे वाचले तर परस्परविरोधी वाटते. एकत्र वाचले असता मात्र त्यातून एकच सूत्र हाती लागते. पारद कोणत्या रूपात आहे, त्यातील किती अंश शरीरात विरघळतो, आणि या दोन्ही गोष्टींचे प्रमाण आपल्याजवळ आहे काय, यावर सर्व काही अवलंबून आहे.

एक धातू, अनेक स्वभाव

द्रवरूप पारा गिळला गेला तर आतड्यातून त्याचे शोषण नगण्य होते. त्याच पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली तर सुमारे ८० टक्के शरीरात राहते. मर्क्युरिक क्लोराइडसारखा विद्राव्य क्षार पोटात गेल्यास साधारण ७ ते १५ टक्के शोषला जातो व मुख्यतः वृक्कांवर आघात करतो. माशांच्या मांसातून येणारा मिथिल-पारा सुमारे ९५ टक्के शोषला जातो आणि मेंदू व गर्भ यांना बाधतो. याउलट पारद व गंधक यांचे संयुग, म्हणजे मर्क्युरिक सल्फाइड, पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. आपली कज्जली, हिंगूळ आणि रससिंदूर या शेवटच्या जातीत मोडतात, आणि आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे. गंधकजारणाचा आग्रह धरणाऱ्या आचार्यांनी पारदाला त्याच्या सर्वांत स्थिर रूपात बद्ध केले, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

दंतशास्त्राचा धडा

दातात भरल्या जाणाऱ्या ‘चांदी’त वजनाने सुमारे निम्मा पारा असतो, उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे. दीडशेहून अधिक वर्षे हे मिश्रण वापरले गेले. २००६ साली ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. न्यू इंग्लंडमधील ५३४ आणि लिस्बनमधील ५०७ बालकांपैकी काहींना पारदयुक्त भरण, तर काहींना राळयुक्त भरण करून त्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. बुद्धी व मज्जासंस्थेच्या कार्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

दंतवैद्यांना हा पुरावा अनुकूल होता. तरीही नॉर्वेने २००८ मध्ये आणि स्वीडनने २००९ मध्ये हे भरण थांबविले. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवती, स्तन्यदा माता, लहान मुले व वृक्करोगी यांच्यात ते शक्यतो टाळावे असे सुचविले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून वैद्यकीय निकड वगळता ते बंद केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या मिनामाता कराराच्या सहाव्या परिषदेत तर २०३४ पर्यंत जगभर ते संपविण्याचा निर्णय झाला.

रुग्णाला अपाय सिद्ध झाला नसतानाही हे का घडले? कारण प्रश्न केवळ तोंडातील दातापुरता राहिला नाही. दवाखान्याच्या सांडपाण्यातून व दहनभूमीच्या धुरातून तोच पारा नदीत, तळ्यात आणि शेवटी माशात पोहोचतो. दुसरे असे की काच-आयनोमर व राळ यांसारखे पर्याय पदार्थविज्ञानाने उपलब्ध करून दिले. आपल्यासाठी यातील बोध असा की रुग्णाच्या सुरक्षिततेचा पुरावा आवश्यक असतो, परंतु आज तो एकटा पुरेसा ठरत नाही.

मिनामाताची आठवण

जपानच्या कुमामोतो प्रांतातील मिनामाता या गावी १ मे १९५६ रोजी एका अज्ञात मज्जारोगाची प्रथम अधिकृत नोंद झाली. ॲसिटाल्डिहाइड बनविणाऱ्या कारखान्यात पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जात होता. त्याच प्रक्रियेत तयार झालेला मिथिल-पारा उपसागरात सोडला जाई. मासे खाणारे कोळी, त्यांची मांजरे आणि त्यांची गर्भातील मुले त्याला बळी पडली. शासनाने कारण मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला व १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने त्याला जून २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले.

या करारात बंदी घालावयाच्या उत्पादनांच्या परिशिष्टातून ‘पारंपरिक अथवा धार्मिक आचारांत वापरली जाणारी उत्पादने’ वगळली आहेत. आपल्या वर्तुळात या सवलतीचा उल्लेख समाधानाने केला जातो. ते समाधान मर्यादित असावे, असे आम्हांस वाटते. सवलत उत्पादनाला आहे. पाऱ्याच्या व्यापारावरील बंधने आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम कायम आहेत. स्पेनमधील आल्मादेन व स्लोव्हेनियातील इद्रिया या शतकानुशतके चाललेल्या खाणी बंद होऊन आज जागतिक वारसास्थळे झाल्या आहेत. युरोपने २०११ पासून व अमेरिकेने २०१३ पासून पाऱ्याची निर्यात थांबविली. उद्या आपल्या खलात पडणारा पारद कोठून आला, याचा कागद मागितला जाणारच आहे.

पदार्थविज्ञानाची साक्ष : दुधारी

क्ष-किरण विवर्तन या तंत्राने तपासल्यावर कज्जली ही काळ्या मेटासिनाबारच्या, तर रससिंदूर हा तांबड्या सिनाबारच्या स्फटिकरूपात असल्याचे दिसते. २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ सिंक्रोट्रॉन रेडिएशन’ या नियतकालिकात रससिंदुराच्या अणुरचनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुक्त पारा वा सेंद्रिय पारा यांचा मागमूस आढळला नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी फळमाशीवर केलेल्या प्रयोगांतही योग्य मात्रेतील रससिंदूर अपायकारक दिसला नाही. सूक्ष्मदर्शक अभ्यासांत या कल्पांचे कण नॅनोमीटर मापाचे आढळले, आणि ‘आमचे भस्म म्हणजे प्राचीन नॅनो-औषध’ हे वाक्य अनेक व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागले.

येथे सावध होणे आवश्यक आहे. कण जितका सूक्ष्म तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि विद्राव्यता अधिक. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की गाळातील जिवाणू स्थूल कणांच्या पारद-सल्फाइडपेक्षा नॅनो-कणांच्या पारद-सल्फाइडचे मिथिल-पाऱ्यात अधिक वेगाने रूपांतर करतात. म्हणजे सूक्ष्मत्व हे जसे गुणाचे कारण असू शकते तसेच दोषाचेही. ‘नॅनो’ हा शब्द प्रशस्तिपत्र म्हणून वापरणे आपण थांबवावे.

‘अविद्राव्य’ या शब्दाचाही हिशेब मांडून पाहू. पारद-सल्फाइडमध्ये वजनाने सुमारे ८६ टक्के पारा असतो. १२५ मि.ग्रॅ. रससिंदुरात तो सुमारे १०८ मि.ग्रॅ. होतो. समजा, त्याचा केवळ हजारावा भाग विद्राव्य रूपात असला, तर रोज १०८ मायक्रोग्रॅम, आठवड्याला सुमारे ७५० मायक्रोग्रॅम पारा उपलब्ध होईल. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये असेंद्रिय पाऱ्यासाठी दर किलो वजनामागे आठवड्याला ४ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली. ६० किलोच्या माणसासाठी ती २४० मायक्रोग्रॅम होते. हजारावा भाग हे येथे केवळ उदाहरण आहे. परंतु हजारातील एक भाग आणि लाखातील एक भाग यांत रुग्णाच्या वृक्कांचे भवितव्य सामावलेले आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. आपल्या मालातील तो भाग किती, हे मोजल्यावाचून कळणार नाही.

वैद्यकातील नवी नोंद

२००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे ‘जामा’ने प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट उठली होती. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात १९३ उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत हे धातू आढळले. एकूण धातू मोजून रूप कळत नाही, हा आपला आक्षेप योग्यच होता. पण ज्या उत्पादनांत रसौषधी नव्हती त्यांपैकीही १७ टक्क्यांत धातू सापडले, याचे उत्तर त्या आक्षेपात नव्हते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सहा गर्भवती स्त्रियांमध्ये शिशाची विषबाधा आढळली, तेव्हा रूपाचा युक्तिवाद कोणाच्या उपयोगी पडला नाही.

आता वृक्करोगतज्ज्ञांनी एक अधिक नेमकी नोंद केली आहे. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या विकारात मूत्रावाटे प्रथिने मोठ्या प्रमाणात जातात व सर्वांगशोथ येतो. त्याचा एक उपप्रकार ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित आहे. २०२२ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात या उपप्रकाराचा पारंपरिक औषधांच्या सेवनाशी संबंध दिसला आणि अशा काही औषधांत पारा आढळला. त्यानंतर केरळमधील वैद्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील २२ रुग्णांची नोंद दिली. त्यांपैकी १५ ‘नेल-१’चे होते आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा गोरी करणारी मलमे वापरीत होते. मलम बंद केल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली.

गोरेपणाच्या मलमांतील पारदक्षार आणि विधिपूर्वक सिद्ध केलेला रससिंदूर एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि २०१२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थानातील संशोधकांनी उंदरांना २८ दिवस आरोग्यवर्धिनी दिली असता वर्तन, यकृत व वृक्क यांच्या कार्यात बिघाड दिसला नाही, परंतु अवयवांतील पाऱ्याचे प्रमाण मात्रेनुसार वाढलेले आढळले. या एकाच अभ्यासात आपल्या समाधानाचे आणि आपल्या चिंतेचे, दोन्ही कारण आहे. पारद अल्पांशाने का होईना, शरीरात जातो व वृक्कांत राहतो. म्हणून काल आणि मात्रा यांचे बंधन शिथिल करता येणार नाही.

औषधनिर्मात्यांसाठी

१. पारद व हिंगूळ यांच्या प्रत्येक खरेदीची पावती व मूळस्थान नोंदवून ठेवावे. नाग आणि वंग हे पारदाचे दोष आचार्यांनी सांगितले आहेतच. शोधनापूर्वी व शोधनानंतर शिशाची चाचणी करणे हे त्या वचनाचेच पालन होय.

२. निश्चंद्रत्वाची परीक्षा सोडू नये, पण तीवर थांबू नये. क्ष-किरण विवर्तनाने संयुगाचे रूप कळते, परंतु एक-दोन टक्क्यांहून कमी असलेला मुक्त पारा त्यातून निसटतो. म्हणून मुक्त पाऱ्याची स्वतंत्र चाचणी आणि कृत्रिम जठररस व आंत्ररस यांतील विद्राव्यतेची चाचणी प्रत्येक बॅचची व्हावी.

३. पारद नसलेल्या कल्पांसाठी शासनाने घालून दिलेल्या मर्यादा (शिसे १०, सोमल ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम) निर्यातीपुरत्या न मानता घरच्या रुग्णासाठीही पाळाव्यात. एकाच खलात रसौषधी व काष्ठौषधी घोटणे कटाक्षाने टाळावे.

४. भट्टीवरील कामगार हा पारदाचा पहिला रुग्ण असतो. ऊर्ध्वपातन व कूपीपाक यांच्या ठिकाणी वायुवीजन, धुराडे आणि कामगारांची नियमित मूत्रतपासणी असावी. धुण्याचे पाणी मोरीत सोडू नये.

वैद्यांसाठी

गर्भिणी, स्तन्यदा माता, बालक व ज्ञात वृक्करोगी यांना पारदकल्प देण्यापूर्वी पर्यायाचा विचार प्रथम करावा. ज्वरात तीन दिवस दिलेली त्रिभुवनकीर्ती आणि सहा महिने विनातपासणी चालू ठेवलेली आरोग्यवर्धिनी यांना एकाच मापाने मोजू नये. दीर्घकाळ रसौषधी द्यावयाची असल्यास आरंभी व नंतर ठरावीक अंतराने मूत्रातील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. पायांवर सूज वा मूत्रात फेस दिसताच औषध थांबवून तज्ज्ञांकडे पाठवावे. केसपेपरवर औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक लिहावा. पुडीत नाव न लिहिता रसौषधी देण्याची प्रथा आपण स्वतःहून बंद करावी, कारण विपरीत काही घडले तर डॉक्टरला त्या पुडीचे नाव सांगता येत नाही. असे विपरीत परिणाम अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातून चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळविणे म्हणजे शास्त्राशी द्रोह, ही समजूतही सोडावी.

दंतवैद्यांनी पारद सोडला, कारण त्यांना पर्याय मिळाला. रसशास्त्राला पारदाचा पर्याय नाही, असे आपण मानतो. तसे असेल तर पुराव्याची जबाबदारी आपल्यावर त्यांच्याहून अधिक पडते. आप्तवचन हे प्रमाण आहे. प्रत्यक्ष व अनुमान हीही प्रमाणे आपल्याच शास्त्राने मानली आहेत. संघाच्या प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या परिसरातील एका तरी फार्मसीच्या एका तरी पारदकल्पाची वर दिलेल्या पद्धतीने तपासणी करवून घ्यावी व तिचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, या त्रैमासिकाकडे पाठवावेत, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.