उजेडाचं आणि कष्टाचं माप

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की इंटिरियरवाला जे फोटो पाठवतो, त्यांत हल्ली एक खोली हमखास असते. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाची जमीन, राखाडी सोफा, बारीक पायांचं टेबल, कोपऱ्यात मोठ्या पानांचं एक झाड आणि बाकी काहीच नाही. खाली लिहिलेलं असतं ‘स्कँडिनेव्हियन’. २०१८मध्ये हैदराबादला आणि २०२०च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया या स्वीडिश कंपनीचं दुकान उघडल्यापासून हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत चांगलाच रुळला आहे. खोली देखणी असते, यात वाद नाही. पण फोटोतून आपण उचलतो ते स्वीडन-डेन्मार्कच्या लोकांनी स्वतःच्या अडचणींवर काढलेलं उत्तर, आणि त्यांच्या अडचणी आपल्यापेक्षा वेगळ्या होत्या. ते उत्तर उतरवून घेण्यापेक्षा त्यांनी ते कसं काढलं हे पाहिलं, तर आपल्या घरासाठी बरंच जास्त हाती लागतं.

उजेडाचंच घ्या. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि त्या सहा तासांतही सूर्य क्षितिजापासून फारसा वर येत नाही. खिडकीतून आलेला तिरपा, अशक्त उजेड खोलीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचवायचा तर भिंती पांढऱ्या हव्यात, लाकूड बर्च किंवा पाइनसारखं फिकट हवं, पडदे पातळ हवेत. मुंबई १९ अंशांवर आहे. इथला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा. नागपूरच्या पश्चिममुखी फ्लॅटमध्ये मे महिन्यात पांढरीशुभ्र भिंत, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल आणि बिनसज्जाची मोठी खिडकी असली, की डोळे दिपतात, खोली तापते, मग जाड पडदे ओढले जातात आणि भरदुपारी ट्यूबलाइट लागते. तिथे खरी गरज असते सज्जाची, चिकाच्या पडद्याची, मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाची. उलट दादर-गिरगावात समोरची इमारत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ असते. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीला पांढरा रंग अगदी योग्य, कारण त्या खोलीत बारा महिने स्टॉकहोमचा डिसेंबर असतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेलं. तिथेही फिकट भिंती उपयोगाच्या. म्हणजे तत्त्व एकच, पण ते लावल्यावर नागपूरचं आणि दादरचं उत्तर वेगवेगळं निघतं.

पांढरा आणि राखाडी हे त्या शैलीचे प्राणच आहेत, असं म्हणणाऱ्यांनी खुद्द तिकडची घरं पाहावीत. चित्रकार कार्ल लारसन आणि त्याची बायको कारिन यांचं दालार्ना प्रांतातल्या सुंडबॉर्न गावचं घर स्वीडनमध्ये आदर्श मानलं जातं. त्यावरचं लारसनचं चित्रांचं पुस्तक १८९९मध्ये निघालं. ते घर लाल, हिरव्या रंगांनी आणि कारिनने स्वतः विणलेल्या कापडांनी भरलेलं आहे. व्हिएन्नाहून १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये आलेला योसेफ फ्रांक पानाफुलांनी, पक्ष्यांनी गच्च भरलेली कापडं रेखाटत राहिला. स्टॉकहोमच्या ‘स्वेन्स्क्ट टेन’ या दुकानात ती आजही विकली जातात. फिनलंडला भूगोलाच्या काटेकोर अर्थाने स्कँडिनेव्हियात धरत नाहीत, पण गृहसजावटीच्या चर्चेत तो असतोच. तिथल्या माइया इसोलाने १९६४मध्ये ‘मारिमेक्को’साठी काढलेली तळहाताहून मोठी फुलं बघितली, तर आपल्याकडचा कोणी इंटिरियरवाला त्यांना ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणायला धजावणार नाही.

रंग बाजूला ठेवला की या परंपरेत उरतं ते रोजच्या वापराबद्दलचं एक हट्टी म्हणणं, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वीडनमधली शहरं कामगारांनी भरली. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात आठ-आठ माणसं राहत. तरीही कित्येक कुटुंबं ती एक खोली पाहुण्यांसाठी सजवून बंद ठेवत आणि स्वतः सगळी स्वयंपाकघरात झोपत. एलेन के या लेखिकेने १८९९मध्ये ‘सौंदर्य सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. रोजचं जगणं ज्या वस्तूंमध्ये जातं त्या वस्तू नीट असाव्यात, दिखाव्याच्या नंतर बघू, हा तिचा आग्रह होता. १९१७मध्ये स्टॉकहोमला लिल्येवाल्क्स कलादालनात गृहप्रदर्शन भरलं, त्यात लहान घरांच्या सजवलेल्या खोल्या मांडल्या होत्या. दोन वर्षांनी ग्रेगोर पॉल्सन याने कारखान्यांनी कलावंतांना हाताशी धरून अधिक सुंदर नित्योपयोगी वस्तू बनवाव्यात, असं आवाहन करणारी पुस्तिका काढली. आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमधले, कधीच न वापरलेले कपबश्यांचे सेट आठवले, तर एलेन केचं भांडण आपल्याशीही होतं हे लगेच ध्यानात येतं.

यावर एक आक्षेप खरा आहे, तो टाळू नये. १९१७च्या त्याच प्रदर्शनात विल्हेल्म कोगे याने कामगारांसाठी म्हणून निळ्या नक्षीची भांडी मांडली होती. ती कामगारांनी फारशी घेतलीच नाहीत. शिकल्यासवरल्या मध्यमवर्गाला मात्र आवडली. साधेपणा ही बऱ्याचदा पोट भरलेल्यांची आवड असते. हान्स वेग्नर या डॅनिश फर्निचरकाराच्या खुर्च्या आज ज्या किमतीला जातात त्यात कामगाराचं अख्खं घर सजलं असतं. पुढे आयकियाने सुटे भाग चपट्या खोक्यात भरून किंमत उतरवली, पण त्यासाठी पार्टिकल बोर्ड आलं आणि जोडणीचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडलं. म्हणजे ‘सर्वांसाठी’ हे वचन पुरतं पाळलं गेलं नाही. तरीही त्या आग्रहापायी जी मोजमापं झाली ती वाया गेली नाहीत, आणि ती उचलायला पैसे पडत नाहीत.

कोपनहेगनच्या अकादमीत १९२४पासून फर्निचर शिकवणारा कोरे क्लिंट विद्यार्थ्यांना आधी माणसाचं शरीर आणि मग घरातल्या वस्तू मोजायला लावत असे. कपाट किती खोल हवं, हे त्यात ठेवायच्या ताटांवर आणि सदऱ्यांच्या घड्यांवर ठरायचं. त्याचा शिष्य बर्ग मोगेन्सन याने १९५०च्या दशकात ग्रेटे मायर हिच्याबरोबर घरातल्या सामानाचा असाच हिशेब करून भिंतीतल्या कपाटांची मालिका बनवली. स्वीडनमध्ये १९४४ साली गृहसंशोधनासाठी एक संस्था निघाली. तिने स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हालचाली, सिंकची उंची, ओट्याची लांबी यांचा शास्त्रीय अभ्यास केला. आपल्याकडे मॉड्युलर किचन येतं ते बहुधा युरोपीय मापाने, सुमारे ९० सेंटीमीटर उंचीचं. पाच फूट उंचीच्या बाईला त्यावर कणीक मळायची तर खांदे उचलावे लागतात, कारण मळायला आणि लाटायला हाताखालची पातळी कोपराच्या बरीच खाली असावी लागते. शटर पांढरं आणि हँडल लाकडी, म्हणून ते किचन स्कँडिनेव्हियन, हा मोठा विनोद आहे. क्लिंटने त्या घरात आल्यावर पहिली टेप पोळ्या करणाऱ्या माणसाच्या कोपराला लावली असती.

दुसरा आक्षेप सामानाचा. आपल्या घरात वर्षाचे तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर, देव्हारा हे सगळं असतं. रिकामी खोली आम्हाला कशी जमावी? न जमली तरी हरकत नाही. मोगेन्सनची कपाटं सामान कमी करा असं सांगत नव्हती, त्याची मोजदाद करा एवढंच सांगत होती. फोटोतल्या खोलीत उघडी फळी असते आणि तिच्यावर तीन पुस्तकं व एक मडकं. आपल्या धुळीत आणि आपल्या पसाऱ्यात उघडी फळी हा रोजचा झाडपुशीचा वैताग. इथे दाराची कपाटं, पलंगाखालचे खण आणि पोटमाळाच बरा. मखराच्या मापाचा माळा सुतारानं काढून दिला, तर ते काम मोगेन्सनच्या पंगतीत बसेल.

मग कोणी म्हणतं, हे सगळं आपल्याकडे होतंच की! वाड्याची सोप्याची बैठक, भिंतीतले कोनाडे, जाड भिंती, मधला चौक, मोजकं सामान. बैठकीपुरतं हे खरं आहे, आणि उन्हाळ्याशी जुळवून घेण्यात वाडा आजच्या काचेच्या इमारतीपेक्षा शहाणा होता. पण त्याच वाड्याचं स्वयंपाकघर बहुधा सर्वांत अंधारी, धुराने काळवंडलेली खोली असे. बाईच्या कष्टांचं माप घेऊन घर आखावं, ही कल्पना तिथे नव्हती. तेवढी बाहेरून घेण्यात कमीपणा नाही.

लाकडाच्या बाबतीत तर आपण उलटाच व्यवहार करतो. १९५०च्या दशकात जगभर नावाजलेलं डॅनिश फर्निचर मोठ्या प्रमाणावर सागाचं होतं आणि तो साग आग्नेय आशियातून येई. इकडे आजोबांच्या वेळचा सागवानी पलंग जुन्या बाजारात देऊन त्या जागी फिकट पार्टिकल बोर्डाचा आणला जातो. पावसाळ्यातल्या दमट हवेत बोर्डाच्या उघड्या कडा फुगतात, पाणी लागलं तर लॅमिनेट सुटतं. सागाला यातलं फारसं काही होत नाही. कोपनहेगनमध्ये १९२७पासून १९६६पर्यंत दरवर्षी सुतारांच्या संघाचं प्रदर्शन भरायचं. वेग्नर आणि फिन यूल यांच्यासारख्यांची कामं तिथे त्या त्या सुताराच्या जोडीने मांडली जात. डेन्मार्कमध्ये आज हाताने खुर्ची घडवून घेणं ही चैन झाली आहे. आपल्याकडे जुना पलंग उतरवून, रंधा मारून, मुलांच्या उंचीचं टेबल करून देणारा सुतार अजून सापडतो.

घर भाड्याचं असेल तर ओटा, सज्जा, कपाटं यांतलं काही हातात नसतं, आणि हा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. त्यावर डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसनचं काम उपयोगी पडेल. १८९४मध्ये जन्मलेला हा माणूस रॉकेलच्या दिव्यांच्या जमान्यात वाढला आणि उघड्या विजेच्या बल्बचा झगमगाट त्याला सोसेना. १९२६च्या सुमारास त्याने एकाखाली एक तीन छत्र्या असलेला दिवा तयार केला. कुठूनही पाहिलं तरी बल्ब डोळ्यांवर येत नाही आणि उजेड मात्र टेबलावर पडतो. आपल्या खोलीत छताच्या मधोमध एकच निळसर पांढरा एलईडी सगळ्यांच्या डोक्यावर सारखा उजेड ओततो. तो रोज रात्री लावायलाच हवा असं नाही. जेवायच्या टेबलावर खाली टांगलेला एक, वाचायच्या खुर्चीशेजारी एक, ओट्यावरच्या कपाटाखाली एक पट्टी, तिन्ही पिवळसर, म्हणजे २७०० केल्विनचे, आणि तिन्हींचा बल्ब झाकलेला, एवढ्यात काम भागतं. घर बदलताना ते सोबत नेता येतात, घरमालकाची परवानगी लागत नाही आणि भिंतीचा रंग कोणताही असला तरी चालतो.